आवृत्तीची तारीख आधी, कामांची यादी नंतर

आपला प्रश्न मी असा समजलो आहे: ऐरोली-घणसोली भागातले आपण पाच जण नोकऱ्या सांभाळून गृहनिर्माण सोसायट्यांच्या हिशोबाचे ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेले) सॉफ्टवेअर चालवता, तीनशेहून अधिक इश्यू (नोंदवलेल्या तक्रारी आणि मागण्या) उघडे आहेत, आणि पुढच्या आवृत्तीत घ्यायच्या गोष्टींची यादी संपत नसल्यामुळे वर्षभरात नवी आवृत्ती निघालेली नाही.

माणसे कमी आहेत हे खरे, पण घोळ 'यादी पूर्ण झाली की आवृत्ती काढू' या अटीत आहे. स्वयंसेवकाच्या कंपनीत कामाचा रेटा आला की तो महिनाभर दिसत नाही, त्याच्यावर सक्तीही करता येत नाही. म्हणून तारीख पक्की ठेवावी आणि जे तयार नसेल ते निमूटपणे पुढच्या आवृत्तीत ढकलावे. उबुंटू ही लिनक्सवर आधारलेली संगणक-प्रणाली ऑक्टोबर २००४ पासून, २००६ मधला एक अपवाद सोडता, दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये याच रीतीने निघते. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे अशा प्रणालींच्या गाभ्यात, नवे काम घेण्याची मुदत दोन आठवड्यांची असते, त्यानंतर दर आठवड्याला एक चाचणी आवृत्ती काढत केवळ दुरुस्त्या होतात, आणि साधारण नऊ-दहा आठवड्यांत नवी आवृत्ती बाहेर पडते. डेबियन ही तशीच दुसरी प्रणाली मात्र 'तयार होईल तेव्हा' म्हणते, त्यांची ३.० ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि ३.१ यायला जून २००५ उजाडला. इतकी वाट पाहायला लावूनही वापरणारे टिकून राहावेत एवढी डेबियनची पुण्याई आहे. पाच जणांच्या प्रकल्पाने त्या वाटेला जाऊ नये.

तारखा मात्र आपल्या सोयीने न ठरवता खजिनदारांच्या वर्षावरून ठरवाव्यात. सोसायटीचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, पुढे लेखापरीक्षण होते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. या काळात कोणताही शहाणा खजिनदार सॉफ्टवेअर बदलणार नाही, आणि भाद्रपदात गणपती असताना तर आपल्यातलेही कोणी हाती लागणार नाही. म्हणून मोठी आवृत्ती ऑक्टोबरच्या मध्याला काढावी, त्यात सापडलेले दोष निस्तरून दुसरी जानेवारीअखेर काढावी, आणि फेब्रुवारी ते सप्टेंबर फक्त दुरुस्त्या द्याव्यात. दोन आवृत्त्यांमधले अंतर असमान दिसेल, पण एप्रिलचे पहिले बिल निघण्यापूर्वी लोकांना दोन महिने चाचणीला मिळतात, आणि ते अधिक मोलाचे आहे.

इश्यूंच्या आकड्याचे दडपण घेऊ नये. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरकडे आपल्या अर्थाने इश्यूंची यादीच नाही. दोषांच्या तक्रारी ईमेलने येतात, पॅच (कोडमधले सुचवलेले बदल) ठरावीक काळात तपासले जातात आणि तरीही दरवर्षी मोठी आवृत्ती निघते. आपण प्रत्येक इश्यूला दोनच प्रश्न विचारावेत: पैशाचा आकडा चुकतो का किंवा माहिती नष्ट होते का, आणि हे काम कोणी अंगावर घेतले आहे का? थकबाकीवर सरळ व्याजाऐवजी चक्रवाढ व्याज लागत असेल तर चुकीचे बिल थेट सभासदाच्या हातात पडते. असा दोष सुटेपर्यंत आवृत्ती थांबवावी, त्या एकाच कारणासाठी तारीख मोडलेली चालते. ज्या कामाला धनी नाही ते माइलस्टोनमध्ये (त्या आवृत्तीच्या कामांच्या यादीत) घेऊच नये, मग मागणी कितीही जुनी असो.

जुने इश्यू आपोआप बंद करणारे बॉट आपल्याकडे लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. वाशीचा एखादा निवृत्त खजिनदार बिलाचा मोबाइलवर काढलेला फोटो जोडून मराठीत एकदाच तक्रार लिहितो. त्याला इंग्रजीत यांत्रिक उत्तर गेले की तो परत येत नाही. 'हे सध्या कोणी करणार नाही' असे आपणच दोन ओळींत लिहून इश्यू बंद करावा.

तारखेच्या दोन आठवडे आधी आवृत्तीची वेगळी ब्रांच (कोडची स्वतंत्र शाखा) काढून तिच्यात केवळ दुरुस्त्या घ्याव्यात. प्रत्येक दुरुस्ती आधी मुख्य ब्रांचमध्ये करून मग तिकडे न्यावी, नाहीतर तोच दोष पुढच्या आवृत्तीत पुन्हा उगवतो. डेटाबेसची रचना बदलत असेल तर आवृत्तीचा पहिला आकडा वाढवावा, आणि बदलांच्या टिपणात बॅकअप घेण्याची सूचना मराठीत सर्वांत वर असावी.

आवृत्ती काढण्याचे अधिकार किमान दोघांकडे असावेत आणि फाइल कोणाच्या लॅपटॉपवर न बनता टॅगवरून (त्या आवृत्तीच्या कोडवर लावलेल्या खुणेवरून) स्वयंचलितपणे बनावी. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली संकुचित करणाऱ्या सॉफ्टवेअरचे प्रकरण उघडकीला आले तेव्हा मागचे दार (गुपचूप शिरकावाची वाट) उघडणारा निर्णायक तुकडा आवृत्तीच्या संकुचित फाइलमध्ये होता, गिटच्या भांडारात (कोडच्या सार्वजनिक साठ्यात) नव्हता. आणि थकलेल्या एकट्या मेंटेनरच्या (सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्याच्या) मदतीला आलेल्या माणसानेच तो घातला होता.

येत्या ऑक्टोबरची तारीख आजच रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये) लिहून टाकावी. अर्धवट राहिलेला ताळेबंदाचा नवा नमुना त्यात नसला तरी चालेल. जुना नमुना लेखापरीक्षकांना ठाऊक आहे.