भाचा गेला, आणि आता आईच्या देवपूजेचा राग येतो

पत्र थोडक्यात: ताईचा चार वर्षांचा मुलगा ब्लड कॅन्सरने गेला. भेटायला आलेली आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "मागच्या जन्मीचं काहीतरी असणार." आई मात्र रोज देवपूजा करतेच आहे. मी तिला म्हटलं, देव असता तर हे झालं नसतं, आणि असलाच तर तो निर्दयी आहे. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. माझं काय चुकलं?

उत्तर: प्रिय अनामिका,

देवाबद्दलचा तुझा प्रश्न चुकीचा नाही. तो आईला त्या घडीला विचारायला नको होतास, एवढंच.

आजकालच्या मुलांचा आगाऊपणा म्हणून कुणी तो उडवून लावला तर ऐकून घेऊ नकोस. सातव्या शतकातले कुमारिल भट्ट वेद प्रमाण मानणारे, यज्ञकर्माची बाजू लढवणारे मीमांसक. जगाचा निर्माता ईश्वर मात्र त्यांनी मानला नाही. 'श्लोकवार्तिका'त ते विचारतात: देवाने करुणेपोटी जग निर्माण केलं म्हणता, तर त्याआधी करुणा करायला होतं कोण? आणि करुणाच होती, तर नुसतं चांगलंच का नाही निर्माण केलं? तुझा प्रश्न हाच आहे गं.

आत्याचं बोलणंही तितकंच जुनं. सुखदुःख असं कमीजास्त वाटणारा देव पक्षपाती आणि निर्दयी ठरेल, हा आक्षेप ब्रह्मसूत्रांनीच, म्हणजे वेदान्ताच्या मूळ ग्रंथानेच, विचारात घेतलाय. त्यावर उत्तर असं की देव ज्याच्या त्याच्या कर्माप्रमाणे फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळीकडे सारखाच, भात आणि जव वेगळे उगवतात ते आपापल्या बीजामुळे. मग पहिलं कर्म कुठून आलं? तर संसार, म्हणजे जन्ममरणाचा फेरा, अनादी आहे. मांडणी बांधेसूद आहे, पण मला ती पटत नाही. अनादी म्हटल्याने प्रश्न फक्त मागे सरकतो. शिवाय आठवतही नसलेल्या कर्माची शिक्षा चार वर्षांच्या पोराने भोगायची, हा न्याय माझ्या गळी उतरत नाही. ज्यांना पटतो त्यांनीही एवढं ध्यानात ठेवावं की हा युक्तिवाद देवावरचा ठपका पुसण्यासाठी आहे. मूल गमावलेल्या आईला ऐकवण्यासाठी नाही.

म्हणून आत्याला आधी फोन कर. "आत्या, तुझा विश्वास तुझ्यापाशी, पण ताईसमोर हे पुन्हा बोलू नकोस," इतकं स्पष्ट सांग. ताईच्या मनात ते वाक्य रुतलं असेल, तर तिला मुलाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा नेमकं कारण सापडतच नाही, आईबापांचं काही चुकलेलं नसतं. हे तिला त्यांच्या तोंडून ऐकू दे.

आता आई. ती पूजा करते म्हणजे देवाची वकिली करते असं नाही. तिचाही नातू गेलाय. तू तिच्याशी देव आहे की नाही यावर वाद घालत होतीस, आणि तिला ऐकू आलं असेल, "तुझे सगळे नवस फुकट गेले." माफी माग, पण प्रश्नाची नको, त्या वेळेची माग. "मला देवाचा राग आलाय, तुझा नाही," असं सांग. सकाळी ती फुलं निवडत असेल तेव्हा शेजारी बस. हात जोडायलाच हवेत असं नाही. नातू आजारी असताना ती देवापाशी काय मागत होती, ते विचार. कदाचित तीही देवावर चिडलेली निघेल. तसं झालं तर मुकाट्याने ऐकून घे, "मी म्हटलंच होतं" म्हणू नकोस.

तुझी,
मावशी