हँडल अडलं, शटर रेंगाळलं : वाचकांचे प्रश्न, मिस्त्रीची उत्तरं

प्रश्न : काका, वडिलांच्या स्टुडिओतला याशिका मॅट १२४जी हा रोलवर चालणारा जुना कॅमेरा मी पुन्हा वापरात काढला. चार फोटो नीट निघाले, पाचव्याला रोल पुढं सरकवायचं हँडल अर्ध्यात थांबलं. पुढं जात नाही, फोटो काढायची कळही दबत नाही. दुकानाला लागून तंबाखूची वखार आहे, तिची धूळ आत गेली असेल का? जोर लावून फिरवून बघू का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : जोर अजिबात लावू नका. हा कॅमेरा १९७० साली बाजारात आला आणि बंद होऊनही बरीच वर्षं झाली. आतला दाता तुटला तर नवा भाग मिळत नाही, दुसरा मेलेला कॅमेरा शोधून त्यातला काढावा लागतो.

वखारीच्या धुळीवर माझा संशय नाही. धूळ गेली किंवा ग्रीस सुकलं की हँडल जड होतं, खरखरतं, पण फिरतं. भिंतीला टेकल्यासारखं एका जागी ठप्प थांबलं, तर कुठलीतरी अटक लागलेली असते. ती अटक कुठली, एवढंच शोधायचं.

आधी हँडल उलट्या दिशेनं फिरवून पाहा. या कॅमेऱ्यात ते पुढं थांबेपर्यंत आणि मग मागं थांबेपर्यंत फिरवायचं असतं. ही परतीची फेरी अर्धवट राहिली तर कॅमेरा ना पुढं जातो, ना फोटो काढतो. स्टुडिओत वाढलेल्या मुलांना हे ठाऊक असतं, पण घाईत हात अर्ध्यावरून सुटतो. मग कळीभोवतीचं कुलूप लागलं आहे का ते पाहा. पिशवीतून काढताना बोट लागून ते फिरतं. तिसरा संशय सेल्फ टायमरवर, म्हणजे कळ दाबल्यावर थोड्या वेळानं आपोआप फोटो काढणाऱ्या यंत्रणेवर. त्याची दांडी मधेच अडकली तर शटर (प्रकाश आत सोडणारी झडप) भरलेलं, म्हणजे स्प्रिंग ताणून तयार असूनही सुटत नाही, आणि शटर सुटल्याशिवाय हँडल पुढं सरकत नाही. इतक्या जुन्या कॅमेऱ्याच्या सेल्फ टायमरला हात लावूच नये असं माझं ठाम मत आहे.

यातलं काही नसेल तर रोलवर पाणी सोडावं लागेल. या कॅमेऱ्याला लागणारा १२० मापाचा, बारा फोटोंचा रोल आज स्वस्त नाही, बेळगावात सहज मिळतही नाही, म्हणून जिवावर येतं हे मला कळतं. पण कॅमेरा रोलपेक्षा महाग आहे. पूर्ण अंधाऱ्या खोलीत पाठ उघडा, रोल काढा, पाठ बंद करा आणि रिकामा कॅमेरा फिरवा. रिकामा मोकळा फिरला तर दोष रोलच्या बाजूला आहे : रीळ तिरकं बसलं, कागदाची कड चुरगळली, नाहीतर रिकामं रीळ कडेला वाकलेलं होतं. जाता जाता आतली दाबपट्टी, म्हणजे फिल्म मागून सपाट दाबून धरणारी पट्टीही १२० साठीच लावलेली आहे ना, ते पाहून घ्या. ती २२० वर, म्हणजे दुप्पट फोटोंच्या रोलवर सरकलेली असेल तर बारा फोटोंनंतरही कॅमेरा मोजत राहतो. रिकामाही अडला, तर मात्र दोष दातेरी चक्रांत आहे. मग स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा आणि जाणत्या माणसाकडं द्या. एखादी साधी पिन आपल्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर करून मिळते, पण कुठली पिन हे आधी कळायला हवं.

प्रश्न : आजोबांचा रोलायकॉर्ड कॅमेरा आहे. एक सेकंदाला लावला की सकाळी शटर उघडंच राहतं, दुपारी कसंबसं मिटतं. १/१२५ सेकंदाचा वेग ठीक वाटतो. शेजारचे म्हणतात, शिलाई मशीनचं तेल एक थेंब सोड. सोडू का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : नको. कृपा करून नको. या शटरची पाती कोरडी असावी लागतात. त्यांच्यावर तेलाचा पापुद्रा बसला की ती एकमेकांना चिकटतात, आणि आज बरा असलेला १/१२५ सुद्धा उद्या जातो. सोडलेला थेंब सोडला तिथं थांबत नाही, पसरतो.

तुमच्या पत्रातच निदान आहे. एक सेकंद, अर्धा सेकंद अशा हळू वेगांसाठी शटरमध्ये बारीक चक्रांची वेगळी मालिका असते, तीच तो खर्रर्र आवाज करते. तिथलं जुनं वंगण घट्ट झालंय. खानापूरच्या थंड सकाळी ते आणखी आळतं, दुपारच्या उन्हात सैल पडतं. पातीच तेलकट असती तर सगळेच वेग रेंगाळले असते. तरी खात्री करा : पाठ उघडा, भिंग पूर्ण उघडं ठेवा, खिडकीकडं धरा आणि पात्यांवर ओलसर चमक दिसते का बघा.

किती बिघाड आहे हे मोबाइलवर मोजता येतं. स्लो मोशन सेकंदाला २४० फ्रेमवर लावा, उघड्या पाठीमागून उजेडाच्या दिशेनं चित्रण करा आणि उजेड दिसलेल्या फ्रेम मोजा. एक सेकंदाला २४० यायला हव्यात, १/४ ला ६०, १/३० ला ८. तीनशे आल्या तर निगेटिव्ह फिल्म ते सहज पोटात घेते. ४८० आल्या तर प्रकाश दुप्पट पडतोय, दुरुस्ती हवीच. १/१२५ ला जेमतेम दोन फ्रेम मिळतात, त्यावरून निकाल देऊ नका.

दुरुस्ती म्हणजे पुढची भिंगं काढून ती चक्रं स्वच्छ करायची आणि फक्त चुळींना, म्हणजे चक्रांच्या आसांच्या टोकांना, तेलाचा नावापुरता स्पर्श द्यायचा. लायटरचं पेट्रोल वरून ओतलं तर विरघळलेलं ग्रीस थेट पात्यांवर उतरतं. चांगला घड्याळजी हे काम करू शकतो, त्याचा हात त्याच मापाचा असतो. तोवर १/६० आणि त्याहून जलद वेग वापरा.

आणि आजोबांची ती चामड्याची पेटी वेगळी ठेवा. तुमच्याकडचा पाऊस ती पिऊन धरते आणि भिंगाला बुरशी चढते. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत राहू दे.

प्रश्न : हॅसलब्लाड ५००सी/एम कॅमेऱ्याला एक्स्टेन्शन ट्यूब (जवळून फोटो काढण्यासाठी बॉडी आणि लेन्सच्या मधे लावायची नळी) लावली होती. आता ट्यूबही निघत नाही आणि शटरही चालत नाही.
– एक स्टुडिओचालक, बेळगाव कॅम्प

उत्तर : बॉडी आणि लेन्स, दोन्ही भरलेल्या असतील, म्हणजे दोन्हींच्या स्प्रिंग ताणलेल्या असतील, तरच त्या एकमेकींपासून सुटतात. त्यातली एक सुटलेली राहिली की अटक होते, आणि ट्यूब काढताघालताना हे हमखास घडतं. मागच्या मॅगझिनमध्ये (रोल ठेवायच्या डबीत) डार्क स्लाइड, म्हणजे फिल्मवर उजेड पडू न देणारी पत्र्याची पट्टी घालून मॅगझिन काढा. मागची दोन झाकणं हळूच बाजूला करून लांब, अरुंद स्क्रू ड्रायव्हर आत घाला. समोर खालच्या बाजूला खाच असलेला स्क्रू दिसेल. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, खट्ट आवाज येईपर्यंत फिरवा, मग ट्यूब निघेल. भिंगाच्या मागच्या काचेला टोक लागू देऊ नका, हात थरथरत असेल तर दुसऱ्या कुणाला करू द्या. पुढच्या वेळी आधी ट्यूब बॉडीला लावा, मग ट्यूबला लेन्स. काढताना उलट क्रमानं : आधी लेन्स, मग ट्यूब.