सिनेमा संपल्यावरचं काम

तू फिल्म सोसायटीत नवीन आहेस, म्हणून आधीच सांगते. सिनेमा माणसाला बदलतो, हे मी मनापासून मानते. पण थिएटरात डोळे पाणावले म्हणजे बदल झाला, असं धरू नकोस. तो होतो नंतरच्या दिवसांत, झाला तर.

श्याम बेनेगल यांचा 'मंथन' (१९७६) बघ. गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घालून तो उभा केला. पुढे तो गावोगाव दाखवला गेला, लोकांनी दूध संस्था काढाव्यात म्हणून. म्हणजे सिनेमा संपला की लगेच करण्यासारखं काम समोर होतं. माझ्या मते सगळं मर्म तिथेच आहे.

आता 'फँड्री' (२०१३), जातिभेदावरचा सिनेमा. शेवटी त्यातला मुलगा, जब्या, दगड भिरकावतो, तो थेट आपल्या दिशेने. 'भारी शेवट' म्हणून लगेच फोन काढू नकोस. जमलं तर घरी चालत जा. आपण कुणाचा कप वेगळा ठेवतो, नवीन माणसाला आधी आडनाव का विचारतो, ते आठव. यातली एकच सवय दुसऱ्या दिवसापासून सोड. वहीत कथानक लिहू नकोस, आपल्याला कुठे टोचलं तेवढंच लिही.

आणि महोत्सवातसुद्धा एका दिवसात चार-चार सिनेमे उरकू नकोस. अस्वस्थ करणारा सिनेमा महिन्याभराने पुन्हा बघ, शक्यतो ज्याच्याशी तुझं पटत नाही अशा माणसाबरोबर, आणि नंतर त्याला आधी बोलू दे.