शिंजुकूच्या गर्दीत कॅमेरा काढण्यापूर्वी

प्रश्न : घाटंजी तालुक्यातील एका गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, बारसे, पोळा, शंकरपट ही नेहमीची कामे. सवड मिळाली की आठवडी बाजारातही फोटो काढतो. भाची टोकियोत नोकरीला असल्यामुळे डिसेंबरात, कापूस वेचणीची घाई ओसरल्यावर, दहा दिवस तिच्याकडे जाणार आहे. तेथील शिंजुकू भागातील गर्दी आणि दिव्यांचे फोटो काढण्याची फार इच्छा आहे. तेथे रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे फोटो काढलेले चालतात का? तयारी काय करावी?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : आधी गर्दीचा अंदाज घ्यावा. शिंजुकू स्थानकातून दररोज सुमारे ३५ लाख प्रवासी ये-जा करतात आणि त्याला दोनशेहून अधिक दारे आहेत, त्यामुळे कोणत्या दाराने बाहेर पडायचे हे भाचीला विचारून कागदावर लिहून घ्या. नाहीतर पहिली संध्याकाळ भुयारातच जाईल, माझी गेली होती. पूर्वेच्या दाराने काबुकिचो हा रात्रभर जागणारा भाग जवळ पडतो. महायुद्धानंतर तेथे काबुकी नाट्यगृह बांधण्याचे ठरले म्हणून हे नाव पडले. नाट्यगृह झाले नाही, नाव मात्र राहिले. पश्चिमेच्या बाजूला, रुळांना लागून, ओमोइदे योकोचो ही कोंबडीच्या मांसाच्या सळया भाजणाऱ्या टपरीवजा दुकानांची चिंचोळी गल्ली आहे. दाइदो मोरियामा हे छायाचित्रकार खिशात मावणारा साधा कॅमेरा घेऊन अनेक दशके याच भागात हिंडले आहेत, तेव्हा लग्नाची मोठी लेन्स घरी ठेवलीत तरी काही बिघडणार नाही.

आता परवानगीविषयी. जपानमध्ये सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढण्यावर सरसकट बंदी नाही; परंतु संमतीशिवाय आपला चेहरा टिपला जाऊ नये, हे व्यक्तीचे स्वातंत्र्य तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली मान्य केले आहे आणि पुढच्या निकालांत त्या माणसाने कितपत सहन करावे याचा विचार प्रसंगानुसार केला गेला आहे. गर्दीच्या सर्वसाधारण फोटोला सहसा कोणी हरकत घेत नाही. एकाच माणसाचा ओळखू येणारा चेहरा टिपून तो इंटरनेटवर टाकणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. चोरून अश्लील चित्रीकरण करण्याविरुद्ध २०२३ पासून स्वतंत्र कायदाही लागू आहे, म्हणून सरकत्या जिन्यावर कॅमेरा किंवा मोबाइल चुकूनही खाली धरू नका. गोल्डन गाई या छोट्या मद्यालयांच्या गल्ल्यांत फोटो काढण्यावर निर्बंध आहेत. तेथील पाट्या पाळाव्यात. काबुकिचोत गिऱ्हाईक ओढत उभ्या असलेल्या दलालांकडेही कॅमेरा वळवू नये.

तुमची खरी अडचण मला कायद्यापेक्षा सवयीत दिसते. आपल्या बाजारात कॅमेरा दिसला की वांगी विकणारी आजीच म्हणते, "माहा काढ ना भाऊ, अन् मले दाखवजो." तिला तुमचे घर माहीत असते, फोटो वाईट आला तर पुढच्या बाजारी ती तुम्हाला चारचौघांत ऐकवू शकते. ही ओळखच आपल्याकडे परवानगीचे काम करते. शिंजुकूत कोणी तुमच्याकडे पाहणारही नाही, आणि त्या न पाहण्याला होकार समजण्याची चूक नवख्याकडून हमखास होते. २०२० साली एका नामांकित कॅमेरा कंपनीने आपल्या जाहिरातपटात टोकियोच्या रस्त्यावर माणसांच्या तोंडापुढे अचानक कॅमेरा धरणारा छायाचित्रकार दाखवला. त्यावर एवढी टीका झाली की कंपनीला तो मागे घ्यावा लागला. ती टीका मला रास्त वाटते.

ओमोइदे योकोचोत मी एका भट्टीपाशी थांबलो होतो. पिवळ्या बल्बखाली धुराचा लोट, सळया फिरवणारे दोन भाजके हात, शेजारी कडा झिजलेले रश्श्याचे भांडे. मी कॅमेरा उचलताच त्या गृहस्थांनी दोन्ही मनगटे छातीपुढे फुलीसारखी धरली. जपानमध्ये ही 'नाही'ची खूण आहे. मी मान लववली, खायला मागवले आणि जाताना "शाशिन, ई देसु का?", म्हणजे फोटो काढू का, असे विचारले. त्यांनी हसून हातांकडे बोट दाखवले. चेहरा नको, हात चालतील. माझ्या त्या प्रवासातला एवढा एकच फोटो मी घरात लावला आहे.

म्हणून माणसांच्या मागे फिरू नका. शंकरपटात बंडी कोठून दौडत येणार हे हेरून तुम्ही आधीच जागा धरता ना, तसेच येथे करावे : दिव्याची पाटी, ओला रस्ता किंवा एखादी झगमगती काच निवडून अर्धा तास तेथेच उभे राहावे. माणसे सावलीसारखी, पाठमोरी, छत्रीआड आपोआप फ्रेममध्ये येतील. डिसेंबरात टोकियोत साडेचारलाच सूर्य मावळतो, आपल्याकडच्यापेक्षा घड्याळात जवळपास तासभर आधी; त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटे, आकाश निळे असते आणि पाट्या पेटलेल्या असतात, ती मुळीच दवडू नका. उजेड असेपर्यंत फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २८ मिलिमीटरची लेन्स, तिचे छिद्र (अॅपर्चर) एफ ८ आणि फोकस दोन मीटरवर ठेवला की साधारण सव्वा मीटरपासून पाच मीटरपर्यंत सारे स्पष्ट येते आणि फोकस जुळवत बसावे लागत नाही. चार्जर १०० व्होल्टवर चालतो ना, हे त्यावर वाचून घ्या. दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर येथूनच न्यावा.

प्रश्न : मुलगा ओसाकाला शिकतो. त्याने पाठवलेल्या रात्रीच्या बाजारपेठेच्या फोटोंत दिव्यांवर आडवे काळे पट्टे येतात. त्याच मोबाइलवर, त्याच सेटिंगने गावच्या दुर्गोत्सवात फोटो स्वच्छ येत होते. मोबाइल बिघडला का?
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : मोबाइल बहुधा ठीक आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची. जपानमध्ये मात्र टोकियोसह पूर्व भागात ५० आणि ओसाकासह पश्चिम भागात ६० हर्ट्झ आहे, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन आणि ओसाकाने अमेरिकी जनित्रे घेतली. दिव्यांची लुकलुक त्यामुळे बदलते आणि शटरचा वेग तिच्याशी जुळला नाही की पट्टे दिसतात. मुलाला प्रो मोडमध्ये, म्हणजे सेटिंग हाताने बदलता येते त्या मोडमध्ये, शटर १/१०० सेकंदाऐवजी १/६० किंवा १/१२५ ठेवायला सांगा. एलईडीच्या काही पाट्या स्वतःच्याच वेगाने लुकलुकतात; तेथे १/३० पर्यंत खाली यावे आणि हात खांबाला टेकवावा.