दूध तसंच आणि रिक्षा दारात

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा, मुलगी तीन. सकाळी सातला शाळेची रिक्षा येते. सहापासून मी त्याच्या मागे असते. हा एक मोजा हातात धरून बसतो, दुधावर साय येते तरी पेला उचलत नाही. खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवतात आणि माझा आवाज चढतो. सासूबाई घास भरवायला धावतात. नवरा परगावी, शनिवारी येतो. गेल्या सोमवारी मी मुलाच्या पाठीत धपाटा घातला. म्हणाला, "मार हवं तर, मी पिणार नाही." लहानपणी मी आईच्या शब्दाबाहेर नव्हते. पाच वर्षांची असताना माझ्या हातून दुधाची किटली सांडली, तर आई संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नव्हती. याला वळण कसं लावू?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, किटलीचं तुम्ही ओघात लिहून गेलात. मी मात्र तिथेच थांबले.

व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड अ‍ॅडलर (१८७०–१९३७) माणसाला त्याची सर्वांत जुनी आठवण विचारत. हजारो प्रसंगांतून मन नेमका तोच जपून ठेवतं, कारण आज आपण जगाकडे जसं बघतो त्याच्याशी तो जुळतो, असं ते मानत. मीही पालकांना मुलाआधी हेच विचारते. तुमच्या आठवणीत मला असं दिसतं : चूक झाली की माया आटते. मग हॉर्न वाजला की तुम्ही त्या किटलीपाशी उभ्या राहता. उशीर त्याला होत असतो, जीव तुमचा जातो. माझा तर्क चुकत असेल तर सोडून द्या, पण एकदा ताडून बघा.

आता मुलगा. पहिल्या महायुद्धानंतर अ‍ॅडलरनी व्हिएन्नात बालमार्गदर्शन केंद्रं सुरू केली. तिथे आई-वडील, शिक्षक आणि मूल यांच्याशी ते सर्वांसमक्ष बोलत. मुलाच्या वागण्याला हेतू असतो आणि घरात आपली जागा मिळवण्यासाठी त्याची धडपड चाललेली असते, हे त्यांचं म्हणणं. सात वर्षं एकटा असलेल्या मुलाच्या घरात बहीण आली की त्याची गादी जाते. त्यांचे शिष्य रुडॉल्फ ड्रायकर्स पुढे शिकागोला गेले. मूल असं का वागतंय हे ओळखायला त्यांनी सोपी खूण दिली : त्या क्षणी तुम्हाला काय वाटतं? नुसती कटकट वाटली तर त्याला लक्ष हवंय. मन दुखावलं तर तो दुखणं परत करतोय. हात टेकावेसे वाटले तर त्यानेच हार मानलीय. आणि 'बघतेच कसा पीत नाही' असं वाटलं, तर ही सत्तेची ओढाताण आहे. तुमची हीच आहे. माझी मुलगी आठवीत असताना वेणीवरून आमचंही असंच चालायचं. मी जिंकायचे आणि दुपारपर्यंत घर सुन्न असायचं.

दोरीचं तुमच्याकडचं टोक सोडा. आधी धपाट्याची माफी मागा, 'पण तूही' न जोडता. मग संध्याकाळी, शांतपणे, ठरवून घ्या : दप्तर, मोजे, दूध ही त्याची कामं. सात वाजता पेला उचलला जाईल, टोमणा न मारता. रिक्षा चुकली तर तुम्ही दोघं चालत जाल आणि शाळेत उशिराचं कारण तो स्वतः सांगेल. हे आधी ठरलेलं असेल तरच तो त्याच्या वागण्याचा परिणाम ठरतो, नाहीतर ती शिक्षाच. सासूबाईंना बाजूला घेऊन सांगा, "आई, पंधरा दिवस मला साथ द्या." पहिले काही दिवस तो अधिक ताणून बघेल. तेव्हा डगमगू नका.

दूध प्यायला म्हणून 'शहाणा माझा' म्हणू नका. त्या शब्दांत उद्या न पिण्याची भीती दडलेली असते. 'नाड्या आज तूच बांधल्यास' एवढं पुरे. आणि त्याला खरंखुरं काम द्या : भाजी आणणं, बहिणीला गोष्ट वाचून दाखवणं. तो जेवेनासा झाला, झोप उडाली किंवा शाळेचं नावच नको म्हणू लागला, तर मात्र समुपदेशकाला प्रत्यक्ष भेटा.

रविवारी बाबा घरी असतात. वीस मिनिटं सगळे एकत्र बसा. काय बोलायचं त्याची यादी मुलालाच करू द्या, आणि तो पहिलं काय लिहितो ते मला नक्की कळवा.