लेकीला टीआयआर डोमेनचा नाद लागलाय, पुढे काय?

प्रश्न: आम्ही निपाणीजवळ तंबाखू करतो. लेक बेळगावात बी.एस्सी. बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात ‘टीआयआर डोमेन’वर सेमिनार दिल्यापासून तिला दुसरं काही सुचत नाही. यात पोट भरेल, की बी.एड.ला घालू?

दादा, नमस्कार.

लेकीला विचारा, हा डोमेन, म्हणजे प्रथिनातला ठराविक घडीचा एक तुकडा, तंबाखूच्या कुळात कुठे सापडतो? पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पाडणारा मोझॅक विषाणू तुम्हाला नवा नसेल. त्याला अडवणारं ‘एन’ जनुक तंबाखूच्या एका रानटी भाऊबंदातलं. ते १९९४ मध्ये शास्त्रज्ञांच्या हाती लागलं. त्याच्या प्रथिनाच्या एका टोकाला हाच टीआयआर बसलेला आहे. आपल्या पेशींतही तो आहे. साधारण दीडशे अमिनो आम्लांचा (प्रथिनाच्या साखळीतल्या कड्यांचा) हा तुकडा, मधे पट्ट्या आणि भोवती वेटोळी. जंतू ओळखणारं जे ‘टोल-लाइक रिसेप्टर’ नावाचं प्रथिन असतं, त्याचं पेशीतलं टोक म्हणजे हा. बाहेर जंतूचा अंश अडकला की दोन रिसेप्टर जवळ येतात, आतले टीआयआर एकमेकांना भिडतात, मग मायडी८८ हे प्रथिन स्वतःच्या टीआयआरने त्यांना येऊन जुळतं आणि सूज-तापाचा निरोप पुढे जातो. एका जातीच्या उंदरांत या तुकड्यातलं एकच अमिनो आम्ल बदललेलं होतं, तर ते जिवाणूच्या विषाला दादच देईनात! हे १९९८ मध्ये उलगडणाऱ्या ब्रूस बॉयटलर यांना २०११ मध्ये नोबेलचा वाटा मिळाला. रानातल्या रोगापासून माणसाच्या तापापर्यंत जाणारा विषय तिने धरलाय. तो सोडवू नका.

आता पोटाचं. नुसत्या बी.एस्सी.वर या क्षेत्रात चांगली नोकरी अवघड, हे आधीच सांगतो. एम.एस्सी. आणि पीएच.डी. धरून सात-आठ वर्षं मोजा. पण सगळा खर्च तुमच्या माथी नाही. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की महिन्याला ३७,००० रुपये सुरू होतात. बेंगळुरूच्या आयआयएस्सी या विज्ञान संस्थेत इंटिग्रेटेड पीएच.डी.ला (एम.एस्सी.-पीएच.डी. एकत्र) पहिल्यापासून विद्यावेतन असतं. तिथे आणि आयआयटींत जायला ‘जॅम’ ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आपल्या सीमाभागातल्या पोरांचं नेहमीचं दुखणं, कर्नाटकचा दाखला की महाराष्ट्राचा, ते इथे आडवं येत नाही. जॅमला राज्याचा कोटा नाही. मात्र बायोटेकच्या पेपरात रसायन, भौतिकशास्त्र आणि गणितही असतं. पीयूसीनंतर (बारावीनंतर) तिचं गणित सुटलं असेल, तर आजपासून पुन्हा हाती घ्यायला सांगा. माझ्या मते तिची खरी कसोटी तिथेच आहे.

बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं, त्याची आत्ता घाई नको. तोवर प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या ऑनलाइन भांडारातून टीआयआरच्या रचना तिने संगणकावर उतरवून घ्याव्यात, त्या फुकट मिळतात. आणि सेमिनार करून घेणाऱ्या सरांकडून शिफारसपत्र घेऊन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपला यंदाच अर्ज करावा.