एक्सच्या कथेतली खलनायिका मीच आहे. मी माझी बाजू कथेतून लिहू का?

तू अकरावीत आहेस, ब्रेकअपनंतर तो प्रतिलिपी या कथांच्या अ‍ॅपवर भागाभागाने कथा टाकतोय, त्यातली खोटारडी मुलगी तूच हे अख्ख्या वर्गाने ओळखलंय आणि आता तुलाही लिहायचंय. जरूर लिही. फक्त मालिका लिहू नकोस, हा माझा आग्रह. मालिकेत प्रत्येक भाग उत्सुकता ताणूनच थांबवावा लागतो. त्याच्या चौथ्या भागाला तुझा पाचवा असं सुरू झालं, की वाचक पुढचा भाग मागत राहतात आणि भांडण मिटवायला दोघांनाही जागा उरत नाही. दीड-दोन हजार शब्दांत संपणारी एकच कथा लिही.

पहिला खर्डा वहीत, खऱ्या नावांनी, मनात येईल तसा. मग महिनाभर वही बंद. तोवर त्याचे भाग वाचू नकोस, नाहीतर तुझी कथा त्याच्या एकेका वाक्याला उत्तर देत बसेल.

नंतर ओळख पुसायची, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. रोहनचा रोहित करतात, पण ७:४२ ची डोंबिवली लोकल, निळी अ‍ॅक्टिव्हा, फिजिक्सचा क्लास तसाच राहतो. वर्ग ओळखतो तो यावरूनच. गाव, वाहन, घरची माणसं, ब्रेकअपचं कारणसुद्धा बदल. ब्लू टिक आली पण उत्तर आलं नाही, हे तुमचं दोघांचं. त्याऐवजी ती पेणच्या एसटी स्टँडवर उभी आहे, हातातला वडापाव गार झालाय, कागदातून तेल बोटांना लागतंय आणि अलिबागची तिसरी गाडीही निघून गेलीय. दुखणं तेच राहतं, माणूस मात्र ओळखू येत नाही.

सांगणारी मुलगी धुतल्या तांदळासारखी ठेवू नकोस; वाचकाचा विश्वास उडतो. तिला एक खरी चूक दे. दोन-तीनशे शब्दांचा एक प्रसंग त्याच्या नजरेतून लिहून बघ. कथेत घेतला नाहीस तरी त्याच्या तोंडचे संवाद सुधारतील.

त्याचे लांबलचक मेसेज जसेच्या तसे डकवू नकोस, त्या मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा असतो. शिवाय माणूस ओळखू येत असेल तर ‘सर्व पात्रे काल्पनिक’ ही ओळ वाचवत नाही. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ आहे.

त्याच्या कथेत तुझं खरं नाव, नंबर किंवा फोटो असेल, तर मात्र कथेने उत्तर देऊच नकोस. तारखेसह स्क्रीनशॉट काढ, प्रतिलिपीवरच तक्रार नोंदव आणि घरातल्या मोठ्या माणसाला दाखव. घरी बोलणं जमत नसेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन कर.